सहावीच्या दाराशी मूल अडू नये!

मृग तोंडावर आला की खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील शेतकऱ्याला क्षणाची उसंत नसते. बियाण्याचे भात निवडले जाते, धूळवाफ पेरणीसाठी रान तयार होते, घराची कौले परतली जातात, जळण आडोशाला रचले जाते. पाऊस कोसळू लागल्यावर मग तयारीला लागणाऱ्याला गाव शहाणा म्हणत नाही. परंतु त्याच घरातील अकरा वर्षांचे मूल या दिवसांत गावची पाचवी संपवून परगावच्या शाळेत सहावीला निघालेले असते, आणि त्याची तयारी मात्र आदल्या रात्री दप्तर धुंडाळण्यापलीकडे जात नाही! ज्या बापाने बियाण्याचा दाणा न दाणा पारखून घेतला, त्याला आपल्या पोराची नवी शाळा कोणती, तेथे जाणारी वाट कशी, तेथील मुख्याध्यापक कोण, हे ठाऊक नसावे, ही गोष्ट आम्हांस फार खटकते. म्हणून आज नित्याचे राजकीय वादविवाद बाजूला ठेवून आम्ही या घरगुती वाटणाऱ्या, पण आमच्या मते अत्यंत सार्वजनिक अशा प्रश्नाकडे सीमाभागातील मराठी बांधवांचे लक्ष वेधू इच्छितो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कर्नाटकात पहिली ते पाचवी हा कनिष्ठ प्राथमिक टप्पा; सहावीपासून सातवी किंवा आठवीपर्यंत वरिष्ठ प्राथमिक; आणि त्यापुढे दहावीपर्यंत माध्यमिक शाळा, अशी रचना आहे. मोठ्या गावांत पाचवीचे मूल त्याच आवारातील शेजारच्या खोलीत जाऊन बसते. त्याचा वर्ग तेवढा बदलतो. परंतु खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात, भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांत, लहान गावाची शाळा पाचवीपाशीच थांबते. पुढे शिकायचे तर दुसरे गाव गाठावे लागते. जेथे गावची शाळा सातवीपर्यंत आहे, तेथे हेच दार दोन वर्षांनी आठवीच्या वेळी आडवे येते. शिवाय कर्नाटकातील शाळा मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी उघडतात. पलीकडे चंदगड तालुक्यातील मामेभाऊ अजून आंबे-फणस खात सुट्टी भोगत असतो, तेव्हा आमच्याकडचे पोर पहिल्या पावसात नव्या शाळेची वाट तुडवत असते. म्हणजे तयारीला वेळ मुळातच थोडा, आणि तोही लग्नसराईत अन् पेरणीच्या धांदलीत निघून जातो.

आता या दारापलीकडे काय आहे, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. गावच्या शाळेत एक किंवा दोन गुरुजी. तेच मराठी शिकवतात, तेच गणित शिकवतात, तेच नाक पुसायला सांगतात आणि संध्याकाळी वाटेत भेटले की आईजवळ चौकशीही करतात. सहावीत दर तासाला घंटा होते आणि नवे शिक्षक वर्गात येतात. प्रत्येकाची रीत निराळी, अपेक्षा निराळी, गृहपाठ निराळा. पाचवीपर्यंत जो 'परिसर अभ्यास' या एका विषयात सामावलेला होता, त्याचे विज्ञान आणि समाजविज्ञान असे दोन विषय होतात. गणितात साध्या हिशेबाच्या पुढे ऋण संख्या, गुणोत्तर आणि अक्षरांनी मांडलेली समीकरणे येतात. खुद्द शिक्षणहक्काचा कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापनाची अट घालतो. म्हणजे एका वर्षात वीस दिवस आणि दोनशे तास वाढले! हा भार अकस्मात एखाद्या बैलाच्या मानेवर घातला तर शेतकरी कळवळेल. मुलाच्या मानेवर तो पडतो तेव्हा मात्र 'पोराचे अभ्यासात लक्ष नाही' असा निकाल देऊन आपण मोकळे होतो.

या ठिकाणी मूल कसे गळते, हेही सांगितले पाहिजे. कारण ते एका दिवसात गळत नाही. पहिल्या आठवड्यात नाल्याला पाणी आले म्हणून एक दिवस बुडतो. दुसऱ्या आठवड्यात ताप आला म्हणून तीन दिवस बुडतात. परत गेल्यावर चार धडे पुढे गेलेले असतात. विचारावे कोणाला, हे कळत नाही. वर्गात हसे होते. तिसऱ्या आठवड्यात पोटात दुखू लागते. रोप लावणीच्या दिवसांत 'आठ दिवस घरी राहू दे, हाताखाली होईल' असे घरातील वडीलधारे म्हणतात, आणि ते आठ दिवस कधी संपत नाहीत. मुलगी असेल तर धाकट्या भावंडांना सांभाळू लागते. मुलगा असेल तर काही वर्षांत गोव्यातील हॉटेलात किंवा उद्यमबागेतील कारखान्यात मिळेल ते काम पत्करतो. शाळेच्या दप्तरी एक नाव कमी होते. नावे कमी झाली की पट घटतो. पट घटला की शिक्षक जातो. शिक्षक गेला की उरलेलेही दाखले काढतात. आणि एके दिवशी मराठी शाळेला कुलूप लागते. मग आपण निषेधाचे ठराव करतो. ते करावेतच, पण त्या कुलपाची पहिली किल्ली कोठे फिरली, हेही तपासावे. ती अशाच एखाद्या जून महिन्यात, सहावीच्या दाराशी फिरलेली असते.

या बाबतीत कायदा पालकांच्या बाजूने आहे; परंतु कायदा ठाऊक नसलेल्याला तो कपाटातील तलवारीइतकाच उपयोगी! २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आहे. त्यान्वये सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत मिळण्याचा हक्क आहे. ज्या शाळेत पुढचा वर्ग नाही, तेथून दुसऱ्या सरकारी अथवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ दिला पाहिजे. आणि दाखला मिळण्यास उशीर झाला, एवढ्या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी घेणे आणि देणगी मागणे निषिद्ध आहे. मुलाला मारणे व त्याचा मानसिक छळ करणे निषिद्ध आहे. केंद्राच्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे म्हटले आहे. इतकेच नव्हे, तर जेथे वाट दुर्गम अथवा धोक्याची आहे तेथे हे अंतर कमी करावे, आणि वस्ती अगदीच लहान असेल तर मोफत वाहन किंवा निवासाची सोय करावी, असाही दंडक त्यांत आहे. बंगळूरच्या नकाशावरील तीन किलोमीटर आणि मलप्रभेच्या उगमाजवळ, कणकुंबीच्या रानात, आषाढातील तीन किलोमीटर एक नव्हेत. हे अधिकाऱ्यांना लेखी अर्ज करून सांगावे लागेल, आणि तो अर्ज पावसापूर्वी द्यावा लागेल.

अर्जावरून आठवले. कागदपत्रे हा आमच्या लोकांचा जुना दुबळेपणा आहे. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, शिधापत्रिका आणि बँकेचे पासबुक या चार कागदांवर मुलाचे नाव एकसारखे आहे की नाही, हे आजच पाहावे. मराठी नाव आधी कन्नडात, मग इंग्रजीत लिहिले जाते आणि या प्रवासात त्याची तीन-तीन रूपे होतात. बापाचे नाव आणि आडनाव यांची अदलाबदल होते. जन्मतारखेत एखादा आकडा सरकतो. पाचवीत ही चूक गुरुजींच्या एका अर्जाने दुरुस्त होते. दहावीनंतर तिच्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. शिष्यवृत्तीसाठी जातीचा व उत्पन्नाचा दाखला लागतो, तो नाडकचेरीतून वेळीच काढून ठेवावा. शाळा उघडल्यावर नाडकचेरीत गर्दी होते, हे सांगायला ज्योतिषी नको.

याच वळणावर अनेक घरांत दुसराच एक विचार बळावतो. शाळा बदलायचीच आहे, तर माध्यमही बदलून टाकू. मुलाला सहावीपासून इंग्रजीत घालू! या पालकांच्या मनातील कळकळ आम्ही जाणतो. आपले मूल मागे पडू नये, एवढीच त्यांची इच्छा आहे, आणि तिला हिणवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु त्यांनी थंड डोक्याने विचार करावा. विषय नवे, शिक्षक नवे, गाव नवे, वयही अडनिडे. अशा वेळी ज्या भाषेच्या आधाराने मूल हे सर्व पेलणार, ती काठीच हातातून काढून घ्यायची काय? पाच वर्षे मराठीत अपूर्णांक शिकलेल्या मुलाला सहावीत समीकरणही कळायचे आणि ते सांगणारी भाषाही कळायची, अशी दुहेरी कसरत करावी लागते. त्यात ते धडे पाठ करू लागते. समजून घेणे सोडून देते. २००९ च्या कायद्यानेही शक्यतो मातृभाषा हेच माध्यम असावे, असे सांगितले आहे. इंग्रजी उत्तम आली पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. ती उत्तम विषय म्हणून शिकवा, रोज अर्धा तास अधिक द्या, गावातील शिकलेल्या मुलांकडून शिकवणी लावा. पण गणित आणि विज्ञान मुलाला कळणाऱ्या भाषेतच कळू द्या.

येथे एका गोष्टीचे भान ठेवले पाहिजे. संविधानाचे ३५० 'क' हे कलम १९५६ साली घातले गेले. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी पुरवण्यास ते कलम राज्यांना सांगते, पण प्राथमिक टप्प्यापुरतेच. त्यापुढचा मार्ग समाजाने स्वतःच्या संस्थांच्या बळावर आखायचा असतो. बेळगाव परिसरात मराठा मंडळ, दक्षिण महाराष्ट्र शिक्षण मंडळ यांसारख्या संस्थांनी पुढच्या शिक्षणाची दारे उघडी ठेवली, ती याच जाणिवेने. त्या दारांपर्यंत मूल पोहोचलेच नाही, तर दार उघडे ठेवून उपयोग काय?

आणि कन्नडचे काय? हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ज्यांनी प्राण दिले, त्यांचे स्मारक हिंडलग्याला उभे आहे आणि त्यांचे स्मरण आम्ही दर जूनमध्ये करतो. सक्तीला आमचा विरोध होता व आहे. एक भाषा मोडून दुसरी लादण्यास तो सदैव राहील. परंतु विरोध सक्तीला आहे, भाषेला नव्हे, हे आपल्या मुलांना आपण सांगितले आहे काय? २०१५ च्या कायद्याने, २०१७-१८ पासून टप्प्याटप्प्याने, कर्नाटकातील शाळांत कन्नड ही एक भाषा म्हणून शिकवणे बंधनकारक झाले आहे. बसची पाटी, जमिनीचा उतारा, कचेरीतील नोटीस कन्नडात आहे. जे मूल ते वाचू शकत नाही, ते उद्या दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहील, आणि आपल्या हक्काचा अर्जही स्वतः लिहू शकणार नाही. बेळगावच्या बाजारपेठेत मराठी व्यापारी आणि कन्नड गिऱ्हाईक एकमेकांच्या भाषेत घासाघीस करत आले आहेत. त्यात कोणाचाही स्वाभिमान बुडालेला नाही. म्हणून सहावीत जाणाऱ्या मुलाच्या मनात कन्नडच्या तासाची भीती किंवा कन्नड शिकवणाऱ्या शिक्षकांविषयी अनादर घरच्यांनी पेरू नये. मराठीत पक्के रुजलेले मूल चार भाषा शिकते. मुळे सैल झालेले मूल एकही धड शिकत नाही.

आता घरात काय करावे, ते थोडक्यात सांगतो. शाळा उघडण्यापूर्वी मुलासोबत ती वाट निदान दोनदा चालावी. नाला कोठे चढतो, पाऊस वाढल्यास कोणाच्या घरी थांबायचे, बस चुकली तर काय करायचे, हे त्याला जागेवर दाखवावे. बसचा पास वेळीच काढावा. मुलींना आणि स्त्रियांना जून २०२३ पासून राज्य परिवहनाच्या साध्या बसगाड्यांतून मोफत प्रवास आहे, याचा लाभ घ्यावा. मात्र गाडी शाळेच्या वेळेला येते की नाही, हे आधी पाहावे, कारण न येणारी गाडी मोफत असून काय करायचे? दर रोज संध्याकाळी मुलाकडून एक पान मोठ्याने वाचून घ्यावे. आईबापांना लिहिता-वाचता येत नसले तरी ऐकता येते. अडखळल्याशिवाय वाचतो की नाही, हे कानाला कळते. तीसपर्यंतचे पाढे आणि अपूर्णांक सुट्टीत पक्के करून घ्यावेत. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा अभ्यासासाठी एक चार्जिंगचा दिवा राखून ठेवावा. आणि रात्री मोबाईल मुलाच्या उशाशी नसावा. तो बापाच्याही उशाशी नसला तर उत्तमच.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट शब्दांत लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. हेच वय मासिक पाळी सुरू होण्याचे आहे. याविषयी आईने, आजीने किंवा मोठ्या बहिणीने मुलीला आधीच सांगितले, तर ती घाबरत नाही. सांगितले नाही, तर परगावच्या शाळेत एके दिवशी ती भयाने आणि लाजेने घरी परत येते, आणि कित्येकदा पुन्हा जात नाही. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह असणे, ही कायद्याच्या परिशिष्टातील अट आहे. त्याला दार आहे काय, कडी आहे काय, पाणी आहे काय, हे शाळेत जाऊन पाहणे हे आयांचे काम आहे. शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. या जागा केवळ सह्यांपुरत्या भरू नयेत.

शिक्षकांकडेही आमचे मागणे आहे. पाचवीच्या गुरुजींनी शेवटच्या आठवड्यात आपली मुले नव्या शाळेत नेऊन आणावीत आणि कोणते मूल कशात कच्चे, कोण लाजरे, कोणाला ऐकू कमी येते, हे तेथील शिक्षकांना सांगावे. नव्या शाळेने प्रत्येक नवागतामागे सातवीतील एक दादा किंवा ताई पहिले दोन महिने नेमून द्यावी. सरकारकडे मागणे तर स्पष्टच आहे: मराठी शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा, आणि मराठी पुस्तके पहिल्या दिवशी मुलांच्या हाती द्या. श्रावणात मिळालेले पुस्तक म्हणजे वरातीमागून आलेले घोडे!

शेवटी आमच्या तरुण मंडळांना दोन शब्द. वैशाखातील शिवजयंतीच्या चित्ररथांवर आणि भाद्रपदातील डॉल्बीवर आपण किती वर्गणी उधळतो, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने स्वतःशी करावा. उत्सव जरूर करावेत. पण त्यातील चौथा हिस्सा काढला, तर पावसाळ्याचे चार महिने तीन वाड्यांच्या मुलांसाठी एक गाडी भाड्याने ठेवता येईल. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा तो एक रुपया गरिबाला जड होता. मूल घरी ठेवणे त्याहून जड पडेल, हे राजाने ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. कारण शाळा असूनही खेड्यातील मूल तिच्यापर्यंत पोहोचत नाही, हे त्यांना दिसले होते. त्यांनी मुलाला शाळेजवळ आणले. आज आपल्याला राज्य उभारायचे नाही, संस्था काढायची नाही. एका गावातून दुसऱ्या गावापर्यंत मुलाचा हात धरायचा आहे.

प्रत्येक गावाने आपल्या पाचवीतून बाहेर पडलेल्या मुलांची यादी या आठवड्यात करावी. लहान गावात ती दहा नावांपलीकडे जाणार नाही. त्या प्रत्येक नावापुढे शाळेचे नाव, वाटेचा सोबती आणि जबाबदार वडीलधाऱ्याचे नाव लिहावे, आणि ती यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर किंवा देवळाच्या भिंतीवर लावावी. जुलैअखेर तीच यादी पुन्हा वाचावी. एकही नाव गळलेले नसेल, तर त्या गावाने मराठीसाठी जे केले, ते शंभर ठरावांना जमणार नाही. आणि एखादे नाव गळलेले दिसले, तर सरकारला अर्ज लिहिण्याआधी, त्याच संध्याकाळी, चार जणांनी त्या घरी जावे.